घाण्यावर होतो

आमच्या घरमालकांनी मला खोली दिली ती मी जामखेडचा आहे म्हणून. "जामखेडचा मानूस पानी कमी वापरतो," असं म्हणून त्यांनी माझी चौकशी संपवली. जात कोणती, लग्न झालंय का, रात्री गातो का, काही विचारलं नाही. आत जाऊन त्यांनी एक लाकडी बिल्ला आणला. त्यावर तापलेल्या खिळ्यानं सातचा आकडा डागलेला होता. तो माझ्या हातात ठेवून म्हणाले, "सात नंबर. गळ्यात घालायची सक्ती न्हाई. पर हरवायचा न्हाई."

ही एकाहत्तर सालची गोष्ट. सोनईच्या हायस्कुलात मी इतिहासाचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. वय तेवीस, आणि आपल्याला सगळा इतिहास कळतो अशी पक्की समजूत. घरमालकांचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढं असेल. गाव त्यांना अंदमानआबा म्हणायचं, कारण ते तरुणपणी अंदमानच्या तुरुंगात होते. त्यांच्या दोन ओळींच्या चाळीला लोक सरळ 'काळं पाणी' म्हणत. पोस्टमनलाही दुसरं नाव माहीत नव्हतं. मी घरी तोच पत्ता कळवला. काळे पाणी, खोली नंबर सात, सोनई. वडिलांचं उलट टपाली कार्ड आलं, त्यात एकच वाक्य होतं: "काय केलंस ते खरं कळव." करमाळ्याकडचं एक चांगलं स्थळ या पत्त्यापायी हातचं गेलं, ते मी आबांना अजून माफ केलेलं नाही.

चाळ आबांनी स्वतःच्या डोक्यानं बांधून घेतली होती, आणि डोकं अंदमानातच राहिलेलं होतं. पुढच्या ओळीच्या पाठीकडं मागच्या ओळीची तोंडं. त्यामुळं मला माझ्या दारातून फक्त समोरच्यांच्या भिंती दिसायच्या. "तिकडं आसंच हाय," आबा सांगायचे. "सात वळी हायत, चाकाच्या आऱ्यांवानी. मधी टावर. ह्या वळीतल्याला त्या वळीतल्याचं त्वांड दिसत न्हाई. तोंड दिसलं न्हाई की भांडान न्हाई." हे मात्र खरं होतं. आम्ही आठ भाडेकरू कधी भांडलो नाही, कारण एकमेकांना नीट ओळखतच नव्हतो.

दाराची कडी हा आबांचा खास अभिमानाचा विषय. अंदमानच्या कोठडीची कडी दारावर नसते, म्हणे. लांब अडसर भिंतीत जातो आणि कुलूप लागतं ते हातभर पलीकडच्या कोनाड्यात. गजांतून हात काढला तरी कैद्याची बोटं तिथवर पोचत नाहीत. आबांनी गावातल्या सुताराकडून तश्शाच कड्या करून घेतल्या होत्या. आतून कडी नाहीच. कोठडीला आतून कडी कशाला?

एकदा शाळातपासणी होती. साहेब अकराला यायचे होते आणि मी दहाला दाढी करत होतो. वाऱ्यानं दार हापटतंय म्हणून आबांच्या बायकोनं, आक्कांनी, जाता जाता बाहेरून अडसर सरकवला आणि त्या दळणाला निघून गेल्या. मी आतून बोंब मारली. आबा आले. दार उघडतील असं मला वाटलं, पण ते खिडकीच्या गजांपाशी उकिडवे बसले.

"हात भाईर काडा बरं, मास्तर."

मी हात बाहेर काढला.

"आजून. खांद्यापत्तुर. आता बोटं लांबवा. पोचतंय का कोनाड्याला?"

"नाही पोचत, आबा! साहेब येतील!"

"जरा वळून बगा. डाव्या हातानं बगा."

मी डाव्या हातानंही बघितलं. अर्धा-पाऊण तास त्यांनी माझ्याकडून सगळे प्रकार करवून घेतले. शेवटी त्यांचा चेहरा असा उजळला की साहेबांनी मला दिलेला लेखी ठपका त्यापुढं काहीच नाही. "सुतारानं बरूबर केलंया," एवढंच म्हणून त्यांनी अडसर काढला.

पहाटे पाचला ते लोखंडी रुळाचा तुकडा टोलवायचे. आंघोळीला हौदापाशी उभे राहून तांबे मोजायचे. "येक! दो! तीन! बस!" तिसऱ्या तांब्याला साबण अंगावर असला तर तो अंगावरच घेऊन शाळेत जायचं. दर शनिवारी स्वतः तांदळाची पेज शिजवून आम्हां सगळ्यांना टमरेलातून द्यायचे. तिला मीठ नाही, चव नाही, रंगही नाही. तोंड वाकडं केलं तर म्हणायचे, "तिकडं ह्याच्यात अळ्या आसायच्या. तुमास्नी फुकटात बिनअळ्याची मिळतीया." दिवस मावळताना दोन्ही ओळींवरून हजेरी घेत फिरायचे आणि शेवटी, समोर कुणी नसताना, ताठ उभे राहून मोठ्यानं सांगायचे, "सब ठीक है, हुजूर!" हा हुजूर कोण, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

आक्का मात्र या कारभाराच्या बाहेर होत्या. त्यांना बिल्ला नव्हता. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. ओसरीवरच्या खाटेवर बसून त्या दिवसभर काही ना काही निवडायच्या, सोलायच्या. ती खाट फार डुगडुगायची. एका पायाखाली वीट, दुसऱ्याखाली घडी घातलेलं पोतं, तरी आक्का शेंगा सोलायला लागल्या की खाट मान डोलावल्यासारखी हलायची. मी एकदा म्हटलं, "आबांना सांगा ना ठोकून द्यायला." आक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"मास्तर, त्यांच्या हाताला काम सांगायचं न्हाई. लगीन झाल्यापास्नं म्या कदी सांगितलं न्हाई. त्या हातांनी तिकडं लई भोगलंय."

मला माझी लाज वाटली. घाण्याची हकीकत सोनईत लहान पोरालाही माहीत होती. अंदमानात कैद्यांना बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपत. खोबऱ्याचं ठरलेलं तेल दिवसाकाठी निघालं नाही तर फटके, दंडाबेडी, उपास. आबा तिथं घाण्यावर होते. ते स्वतः फार बोलत नसत. कुणी खोदून विचारलं तर "घाण्यावर हुतो" एवढंच म्हणत आणि विषय बदलत. एवढ्यानंच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

सव्वीस जानेवारीला शाळेनं त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. शाल त्यांनी लगेच अंगावर घेतली. नारळाकडं मात्र साप बघितल्यासारखं बघितलं आणि हेडसरांच्या हातात परत दिला. "ह्यो नको. ह्यानं लई छळलंय मला." पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. आक्कांनी तर लग्न झाल्यापासून डोक्याला खोबरेल लावलं नव्हतं. नवऱ्याचं रक्त आटवलेलं तेल डोक्यावर कशाला, म्हणायच्या.

मी त्यांना एकदा नववीच्या वर्गावरही नेलं. फळ्यावर त्यांनी सात ओळींचा तुरुंग काढला, खडूनं एकेक कोठडी दाखवली. कैद्यांनी नारळाचा काथ्या कसा कुटायचा, खाऱ्या पाण्यानं आंघोळ कशी, कैद्यांतलाच एकजण मुकादम होऊन बाकीच्यांना कसा बडवायचा, पावसाळ्यात गोमा कशा निघतात, सगळं सांगितलं. पोरं श्वास रोखून ऐकत होती. तासभर बोलले त्यात 'कैद्यास्नी' हा शब्द पन्नासदा आला असेल, 'आमास्नी' एकदाही नाही. इतिहासाचा मास्तर मागच्या बाकावर बसून कौतुकानं मान हलवत होता. त्याला ते ऐकू आलं नाही.

ते बहात्तर साल होतं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होणार होती आणि सरकार स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देणार अशी बातमी आली. हेडसर पेटून उठले. आमच्या हेडसरांना सत्काराचं व्यसन होतं. सत्कार करायला कुणी नसलं की ते अस्वस्थ व्हायचे. त्यांनी आबांचा अर्ज मागवला आणि भरायचं काम माझ्यावर टाकलं. "तुम्ही इतिहासाचे, शिवाय सात नंबरचे," म्हणाले.

अर्ज घेऊन मी आबांकडं गेलो तर ते झोपलेले. सकाळी नऊ वाजता. दुसऱ्या दिवशी त्यांचे कान दुखत होते. तिसऱ्या दिवशी ते बैलजोडी बघायला घोडेगावच्या बाजाराला गेले. बैलजोडी! शेत म्हणाल तर दोन एकर, तेही वाट्यानं लावलेलं. संध्याकाळी एक शेळी घेऊन परत आले. "बैलास्नी भाव लई हाय," म्हणाले. शेळीला नऊ नंबरचा बिल्ला मिळाला. तिच्या गळ्यात मात्र तो सक्तीनं घातला.

शेवटी एका दुपारी मी त्यांना गाठलंच. आक्का मळणीला गेल्या होत्या. शेळी खुंट्याला बांधलेली. आबांनी आजूबाजूला बघितलं. पळायला वाट उरली नव्हती.

"शिक्षा किती वर्षांची झाली होती?"

"शिक्षा न्हाई."

"बरं. गुन्हा कोणता लावला होता?"

"गुन्हा बी न्हाई."

मी लिहिलं: विनाचौकशी डांबले. "अटक कुठं झाली?"

"आटक कशी व्हईल? तिकीट काडून गेल्तो की. मद्रासपत्तुर आगगाडी, फुडं बोट. समदं सरकारी खर्चानं."

मी लिहिलं: सरकारी खर्चाने हद्दपार. "तिथं कोणती सक्तमजुरी?"

"घाण्यावर हुतो."

"म्हणजे घाण्याला जुंपलं होतं."

"मला न्हाई वो!" आबा एकदम ओरडले. शेळीही दचकली. "कैद्यास्नी जुंपायचे. मी घाना दुरुस्त करायचो. मिस्त्री हुतो मी, मास्तर. पगारी."

मी हसलो. आबा थट्टा करतात असं मला वाटलं. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

आबांचे वडील घोडेगावकडचे नावाजलेले सुतार. तेलाचे घाणे करावेत ते त्यांनीच. कुणा साहेबाच्या कानावर त्यांचं नाव गेलं आणि सरकारी कागद आला की अंदमानला घाणे दुरुस्त करायला या. म्हातारा म्हणाला, समुद्र ओलांडून जात बुडवू का? आणि घरात तसाही निरुपयोगी पडलेला धाकटा मुलगा त्यानं धाडून दिला.

"तुम्हाला घाण्याचं काम येत होतं?"

"न्हाई. बा काम करायचा, मी कंदील धरायचो. कंदील मातर लई झ्याक धरायचो."

"मग तिथं काय केलंत?"

"तितं कंदील धरायला दुसरा गडी हुता. म्हंजी कामच करावं लागलं." आबांनी कपाळाचा घाम पुसला. "आपल्याकडं करडई. करडई बारीक, गरीब. खोबरं तसं न्हाई, अंगावर येतंय. म्या लाट बसवायचो, ते मोठं लाकूड उखळात फिरतंय ना, ते. चार दिस फिरायची. चवथ्या दिशी तिला धरून ठेवनारा खुंटा निगालाच म्हनून समजा. परत मी. परत चार दिस. दीड वरीस चाललं. मग सायबानं नारळ दिला."

"नारळ?"

"कामावरनं काडलं वो. नारळ कशाला दील? नारळाला काय तोटा हुता तितं?"

परत आले ते थेट सोनईला, मामाकडं. बापाला तोंड दाखवायची सोय नव्हती. पारावर लोकांनी विचारलं, कुठं होतास? अंदमानात. तिथं कशावर? घाण्यावर. झालं. कुणीतरी उठून त्यांना बसायला जागा दिली. एका म्हातारीनं त्यांचे तळवे हातात घेऊन रडायला सुरुवात केली. तळव्यांवर फोड होते, रंधा धरता येत नसल्यामुळं आलेले.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सतरांदा सांगितलं! म्हनलं, मला कुनी मारलं न्हाई. लोक म्हनले, बगा, तक्रार न्हाई मानसाची. म्हनलं, पगार हुता. लोक हासून लोळले. म्हनलं, मी मिस्त्री हुतो. तर म्हनले, आता विनोद करून दुख इसारतोय बिचारा. सांगून सांगून माजी किंमत वाडत गेली, मास्तर. मग म्या गप बसलो. सासऱ्यानं पोरगी दिली आन ही जागा बी दिली. कशावर? घाण्यावर."

हसू आवरून मी म्हटलं, "गाव एवढं मानतं तर मानू द्या. अर्ज मी पाठवत नाही, म्हणजे झालं."

"गावाचं सोडा. पर तांब्यावर कोरनार हायत. कागुद फाटतो, तांबं न्हाई फाटत. मी मेल्यावर बी ते खोटं बोलत ऱ्हाईल." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "आन घरच्या बाईला ठावं न्हाई. गावाला सतरांदा सांगितलं, तिला येकदा बी न्हाई. गावानं इस्वास ठेवला न्हाई, पर तिनं ठेवला आसता."

आबा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसले. म्हातारा माणूस बायकोला एवढा भितो, म्हणजे जीव केवढा असेल, असं काहीतरी मला त्या वयातही वाटून गेलं.

अर्ज मी ट्रंकेच्या तळाशी घातला आणि हेडसरांना सांगितलं की बरोबरच्या कैद्याचा दाखला लागतो, तो कुठून आणणार, तेव्हा राहू द्या. मला वाटलं, मी फार हुशारी केली. हेडसर म्हणाले, "एवढंच ना?" आणि सायकलीवर टांग मारून एस.टी. स्टँडवर गेले. आठवड्यात त्यांनी नगरमध्ये एक सरदारजी शोधून काढले. फाळणीनंतर पुतण्याबरोबर नगरला आलेले, ऐंशी ओलांडलेले, तरुणपणी गदर चळवळीतल्या लोकांबरोबर पकडले जाऊन अंदमानात गेलेले. पंधरा ऑगस्टला ते सोनईला येणार, आबांना ओळखणार आणि सगळ्यांसमोर दाखल्यावर सही करणार, असा कार्यक्रम ठरला. मी ही बातमी आबांना सांगितली तेव्हा ते हजेरी घेत होते. पाच नंबरपाशी थांबले ते पुढं मोजायचंच विसरले. त्या संध्याकाळी कुठल्याच हुजुराला काही ठीक असल्याचं कळवलं गेलं नाही.

त्या वर्षी पाऊस नव्हता. ऑगस्टात शाळेच्या मैदानावर फुफाटा उडत होता आणि निम्मं गाव दुष्काळी कामावरची खडी फोडून, हातपाय धुऊन आलं होतं. आक्का बायकांच्या पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून. सरदारजी खुर्चीत काठी धरून ताठ बसलेले, पांढरी दाढी, डोळे मिटल्यासारखे. शेजारी आबा. त्यांनी दोन दिवस धड खाल्लं नव्हतं, हे मला आक्कांनीच सांगितलं होतं.

हेडसरांचं भाषण पाऊण तास चाललं. मग ते म्हणाले, "आता आबा आपल्या यातनांविषयी दोन शब्द बोलतील, आणि सरदारजी आपल्या जुन्या साथीदाराला ओळखतील."

आबा माइकपाशी आले. हात जोडले. "मी कैदी न्हवतो," म्हणाले.

टाळ्या.

"टाळ्या वाजवू नगा. मला शिक्षा न्हवती."

आणखी टाळ्या. मागून कुणीतरी "अंदमानआबांचा विजय असो" म्हणून ओरडलं.

"आरं, आयका की! मी पगारी मिस्त्री हुतो! घाने दुरुस्त करायचो!"

हेडसरांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि माइककडं वाकून म्हणाले, "याला म्हणतात विनय." मैदान टाळ्यांनी दणाणलं. आबा अगदी रडकुंडीला आले. पन्नास वर्षांपूर्वीचा तो पार पुन्हा त्यांच्यासमोर बसला होता, फक्त आता जास्त मोठा.

तेवढ्यात सरदारजींनी काठी व्यासपीठाच्या फळीवर आपटली. सगळे गप्प झाले. त्यांचे डोळे पूर्ण उघडले होते.

"कोणता मिस्त्री?" त्यांनी विचारलं. नगरमध्ये शिकलेलं, मोडकं पण ठणठणीत मराठी. "तो छोकरा मिस्त्री? ज्याचा खुंटा चार दिवसांत बाहेर येत होता, तो?"

आबांनी मान खाली घातली. "व्हय जी. त्योच."

सरदारजी खुर्चीतून उठले. पुतण्या धरायला धावला, त्याला त्यांनी बाजूला केलं. "हा कैदी नाही," त्यांनी गावाला सांगितलं. "हा खरं बोलतो. हा मिस्त्री आहे. आमचा मिस्त्री!"

मैदानात एक टाळी वाजली नाही. हेडसरांचा रुमाल डोळ्यांपासून अर्ध्या वाटेत थांबला. मी आक्कांकडं बघितलं. त्या आबांकडं एकटक बघत होत्या.

सरदारजी पुढं बोलत होते. "घाणा मोडला की आम्हाला अर्धा दिवस बसायला मिळत होता. घाणा चालतो तेव्हा काही ऐकू येत नाही. मोडला की समुद्र ऐकू येत होता. आम्ही म्हणायचो, हा छोकरा आपला माणूस आहे. साहेबाच्या नाकासमोर रोज घाणा मोडतो. शेर आहे!" त्यांनी आबांचा खांदा धरला. "आज सांग, मिस्त्री. मुद्दाम मोडत होता ना?"

सगळं गाव पुढं झुकलं. हेडसरांच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त चढलं. तोडफोड करून कैद्यांना विसावा देणारा वीर म्हणजे साध्या कैद्यापेक्षा कितीतरी मोठा! ताम्रपट काय, पुतळा झाला असता. आबांनी फक्त "व्हय" म्हणायचं होतं. ते खोटं ठरवणारा माणूस आता जगात कुणी उरला नव्हता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा, आबा, म्हणून टाका एकदा.

"न्हाई," आबा म्हणाले. "मला येतच न्हवतं."

"खोटं!" हेडसर ओरडले. "हाही विनयच!"

तेव्हा आक्का उठून उभ्या राहिल्या.

"आवो, तुमी सुतार हुता?"

"व्हय."

"मंग घरातली खाट पन्नास वरीस डुगडुगतीया, ती का?"

"येत न्हाई म्हनून."

"आन मी म्हनते, हात गेले बिचाऱ्याचे घाण्यापायी! येक खिळा ठोकाय सांगितला न्हाई म्या ह्यांना!" आक्का गावाकडं वळल्या. "खरं बोलत्यात ते. लगनात पाट ठोकाय घेतला हुता ह्यांनी, त्यो माज्या भावाच्या अंगाखाली मोडला. मी म्हनलं, दुखत आसंल हात. आरं, येतच न्हाई ह्यांना!"

एकजण हसला, मग दुसरा, आणि मग मैदान असं हसलं की शेवटच्या रांगेतली पोरं एकमेकांवर पडली. आक्काही हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "मला आदी सांगितलं आस्तं तर काय खाल्लं आस्तं का मी तुमास्नी?" असं त्या खालूनच म्हणाल्या. आबांच्या पाठीचा बाक एवढा सरळ झालेला मी कधी पाहिला नव्हता.

सरदारजींनी हसू ओसरू दिलं. मग म्हणाले, "तिकडे प्रत्येकाला आपला काम फार चांगला येत होता, मिस्त्री. मारणाऱ्याला मारणं येत होतं, मोजणाऱ्याला मोजणं. एक तुला येत नव्हता. आम्ही त्यावर जगलो."

टाळ्या सुरू झाल्या. या वेळच्या टाळ्या घ्यायला आबांना हरकत नव्हती. पण त्यांनी हात वर केला. चेहरा पार उतरला होता.

"थांबा. येक ऱ्हायलंय." ते सरदारजींकडं वळले. "येक घाना माज्याकडनं नीट झाला हुता."

सरदारजींनी कान पुढं केला.

"पाच नंबरच्या वळीत. कोपऱ्यातला. कसा झाला मलाच कळलं न्हाई. मी निगालो तवर मोडलाच न्हाई त्यो. जाताना म्या लांबनं बगितलं, तवा बी फिरतच हुता. त्याच्यावर कोन हुतं जी?"

मागच्या बाजूला काहीजण अजून हसत होते. त्यांना हा पुढचा विनोद वाटला. सरदारजी हसले नाहीत. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आळीपाळीनं सगळेच होतो," ते म्हणाले. "मजबूत होता."

पंचाहत्तरी ओलांडलेल्या आबांनी दोन्ही कान धरले, शाळेत पोरं धरतात तसे.

"चूक झाली जी," ते म्हणाले. "पुन्यांदा न्हाई व्हनार."